बॅटरी नवी घातली तरी लॅपटॉप अडीच तासांत बंद: आधी काय मोजायचं

माझं कणकवलीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वर्षी आचऱ्याजवळच्या एका वाडीतला मुलगा एकाच लॅपटॉपसाठी माझ्याकडे तीनदा आला. पुण्यातल्या एका कंपनीचं काम तो गावी राहून करतो. पहिल्यांदा म्हणाला, "दादा, बॅटरी टिकणा नाय. दीड तासात बंद." बॅटरी साडेतीन वर्षांची होती, मी नवीन घालून दिली. पंधरा दिवसांनी परत आला. आता अडीच तास चालत होता, पण त्याची अपेक्षा पाच-सहा तासांची होती. मी विंडोज नव्याने टाकलं. तरी अडीच तासच. तिसऱ्या वेळी आई त्याच्याबरोबर होती. "भाऊ, बॅटरीचे पैसे गेले, दोनदा एसटीने येणंजाणं झालं, आता काय ते एकदाच सांगा," त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी बॅटरी बदलली होती, पण लॅपटॉप वीज किती ओढतो ते मोजलंच नव्हतं.

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर जास्त येतो, कारण लाईट जायला लागली की बॅटरीची आठवण होते. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

"बॅटरी टिकत नाही" या एका तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड असतात. बॅटरीत पूर्वीइतकी वीज मावत नाही, हा पहिला. बॅटरी ठीक आहे पण लॅपटॉप वीज फार ओढतोय, हा दुसरा. आणि झाकण लावून ठेवलेला असतानाही वीज जाते, हा तिसरा. पहिल्याला पैसे लागतात, बाकीचे दोन बहुतेक वेळा फुकटात सुटतात. आपण मात्र सुरुवात पैशांपासून करतो.

आधी बॅटरीत किती मावतं ते बघा. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. स्टार्टमध्ये सीएमडी असं टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे पॉवरसीएफजी (पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी) लिहा, एक स्पेस द्या, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबलं की एक फाईल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच लिहून येतं. ती फाईल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात वरच्या भागात दोन आकडे एकाखाली एक असतात. डिझाईन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावायचं, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतं. एकक मिलिवॉट-तास. या मुलाच्या जुन्या बॅटरीचे आकडे ४१,०४० आणि २३,८०० होते, म्हणजे ५८ टक्के उरली होती. नव्या बॅटरीत ४०,१०० मावत होते. माझा हिशेब साधा आहे. ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका, दोष दुसरीकडे आहे. ६० च्या खाली गेली तर बदलायला हरकत नाही. मधल्या पट्ट्यात असेल तर आधी खर्च कमी करून बघा, कदाचित अजून वर्षभर निघेल. ज्यांच्याकडे ॲपलचा लॅपटॉप आहे त्यांना सिस्टीम सेटिंग्जमध्ये बॅटरी या भागात बॅटरी हेल्थ खाली हेच टक्क्यांत दिसतं.

बॅटरीवर नुसतं मिलिअँपिअर-तास छापलं असेल तर त्याला तिथेच छापलेल्या व्होल्टने गुणा. ३,६०० मिलिअँपिअर-तास आणि ११.४ व्होल्ट असेल तर ४१ वॉट-तास होतात. दोन बॅटऱ्यांची तुलना नेहमी वॉट-तासांत करावी. नुसत्या मिलिअँपिअरच्या आकड्यावर भुलून घेतलेली बॅटरी परत करायला आलेले लोक मी पाहिलेत.

आता खर्च. हा भाग लोक सोडून देतात आणि खरं उत्तर बहुधा इथेच असतं. त्याच अहवालात खाली रीसेंट युसेज नावाचा तक्ता आहे. लॅपटॉप किती वाजता चार्जरवरून बॅटरीवर गेला, तेव्हा किती मिलिवॉट-तास शिल्लक होते, पुन्हा चार्जर लावला तेव्हा किती उरले, अशा ओळी त्यात असतात. या मुलाच्या एका सकाळच्या ओळी अशा होत्या: १०:०५ ला शिल्लक ३९,२००, ११:३५ ला शिल्लक १४,९००. दीड तासात २४,३०० गेले. म्हणजे तासाला १६,२०० मिलिवॉट-तास, सरासरी १६.२ वॉट. ४०.१ ला १६.२ ने भागा. अडीच तास. बॅटरी अगदी ठरल्याप्रमाणे काम करत होती.

ईमेल, एक्सेल, चार टॅब उघडलेला ब्राउझर एवढ्या कामाला त्याचा लॅपटॉप आठ-दहा वॉट घ्यायला हवा होता. मग वरचे सहा-सात वॉट कुठे जात होते? तेव्हा मी तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "काम करताना बसतोस कुठे?"

"खळ्यात. घरात रेंज नाय."

चिऱ्याचं घर, दीड फुटाच्या भिंती, आत मोबाईलची एक काडी येते आणि जाते. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माडाखाली बसलं की तीन काड्या मिळतात. मोबाईलचा हॉटस्पॉट मध्येच तुटतो म्हणून तो मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून इंटरनेट घ्यायचा. आणि बाहेरच्या उजेडात काही दिसेना म्हणून स्क्रीनची ब्राइटनेस शंभरवर.

केबलने जोडलेला मोबाईल नुसतं इंटरनेट देत नाही, तो लॅपटॉपच्या बॅटरीतून स्वतः चार्ज होत राहतो. माझ्याकडे छोटा यूएसबी मीटर आहे, तो मध्ये लावून बघितलं: ४.९ व्होल्ट, ०.८४ अँपिअर. म्हणजे चार वॉटला थोडं वर. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ठरल्याप्रमाणे अडीच वॉटपर्यंत, यूएसबी ३ मधून साडेचार वॉटपर्यंत वीज जाते, टाईप-सी पोर्टमधून त्याहूनही जास्त जाऊ शकते. त्यात रेंज कमी असली की टॉवरला गाठण्यासाठी मोबाईल जास्त जोर लावतो, त्याची बॅटरी भराभर उतरते, आणि ती भरायला तो लॅपटॉपमधून ओढतच राहतो. शंभर टक्के होऊन थांबण्याचा प्रसंगच येत नाही. दुकानात सावलीत बसून ब्राइटनेस १०० वरून ५५ वर आणली तेव्हा अडीच वॉटच्या आसपास आणखी वाचले. १६.२ मधून हे दोन्ही काढले की उरतात ९.७ च्या जवळपास. ४०.१ भागिले ९.७, चार तासांच्या वर.

त्याच्या आईला मी आणखी एक हिशेब करून दाखवला, कारण तो दाखवणं माझं कर्तव्य होतं. जुन्या बॅटरीत २३.८ वॉट-तास मावत होते. तिला ९.७ ने भागलं तर अडीच तास येतात. म्हणजे नवी बॅटरी घालून त्यांना जेवढं मिळालं, तेवढं जुन्या बॅटरीवर केबल काढून आणि आत बसून मिळालं असतं. तिसऱ्या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून रीसेंट युसेजचा तक्ता बघितल्याशिवाय मी बॅटरी बदलायला हो म्हणत नाही.

आत बसायचं तर रेंजचं काय? मोबाईल पडवीच्या खिडकीत, जिथे रेंज मिळते तिथे ठेवायचा, त्याच्याच चार्जरवर. लाईट नसेल तेव्हा पॉवरबँकवर. लॅपटॉप आतल्या खोलीत. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडायचं. हा जुना बँड थोडा संथ असतो, पण चिऱ्याच्या भिंतीतून ५ पेक्षा बराच चांगला पार होतो. व्हिडिओ मीटिंगला तेवढा वेग पुरतो. काही जण रेंजसाठी माळ्यावर जाऊन बसतात. वर पत्रा असेल तर एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते, पंखा सतत फिरतो आणि खर्च आणखी वाढतो. त्यापेक्षा माळ्यावर मोबाईल ठेवा आणि आपण खाली बसा. फक्त त्यालाही पत्र्यापासून लांब, सावलीत ठेवा.

खर्चाची बाकीची कारणं लवकर सांगतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, मग पॉवर अँड बॅटरी इथे कोणत्या ॲपने किती टक्के खाल्लं याची यादी मिळते. ब्राउझर सगळ्यात वर असणं नेहमीचंच. तिथे खरा प्रश्न असतो तो पाठीमागे चालू राहिलेल्या व्हिडिओच्या टॅबचा आणि नको असलेल्या एक्सटेन्शनचा. ज्यांचा स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) आहे त्यांनी बॅटरीवर असताना तो ६० वर आणावा. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं आणि एखादं साधं ॲपसुद्धा त्याला जागं ठेवतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला पॉवर सेव्हिंगवर टाका. कीबोर्डखालची लाईट बंद करा. पेनड्राइव्ह, वायरलेस माऊसचा डोंगल, बाहेरची हार्डडिस्क, जे लागत नाही ते काढा. बाहेरची हार्डडिस्क फिरत असेल तर तीही दोन-अडीच वॉट घेते.

पंखा सतत जोरात फिरत असेल तर मात्र थांबून बघा. आपल्याकडची तांबडी माती पिठासारखी बारीक असते. ती पंख्याच्या मागच्या जाळीत जाऊन बसते आणि दमट हवेत तिचा थर घट्ट होतो. मी उघडलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये तो थर चिमट्याने धरून कापडासारखा सोलून काढावा लागला आहे. जाळी बंद असली की प्रोसेसर तापतो, पंखा पळतो, बॅटरीही त्याच्या शेजारीच भाजते. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आतून साफ करून घ्या. गादीवर किंवा मांडीवर उशी घेऊन लॅपटॉप ठेवू नका.

तिसरा बिघाड, झाकण लावलेलं असताना जाणारी वीज. कासार्ड्याहून कॉलेजला येणारी एक मुलगी सांगत होती की रात्री ९० टक्के असताना झाकण लावलं तर सकाळी ७० असतात, आणि एकदा बॅगेतून काढला तर लॅपटॉप चक्क गरम होता. आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण लावलं की मोबाईलसारखी झोप लागते, इंटरनेट, अपडेट, मेल आतून चालूच राहतात. एखादं ॲप किंवा ड्रायव्हर नीट झोपला नाही की बंद बॅगेत तो तापत राहतो. उपाय हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होणं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, झाकण लावल्यावर काय व्हावं हा पर्याय बॅटरीसाठी हायबरनेट करा. तो दिसतच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, तिरकी रेघ लावून हायबरनेट, मग स्पेस देऊन ऑन असं लिहा. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, पण रात्रीत जाणारी वीज जवळजवळ थांबते. कोणामुळे जाग येते ते शोधायचं असेल तर तसंच ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये स्लीपस्टडी असा अहवाल काढता येतो, त्यात दोषी घटकाचं नाव येतं.

आता एक गोष्ट जी आपल्या भागात मला सगळ्यात जास्त सलते. देवगडकडच्या एका बागायतदार काकांचा लॅपटॉप आला. आंब्याच्या पेट्यांची बिलं करायला घेतलेला, दोन वर्षांचा. अहवालात सायकल काउंट (बॅटरी पूर्ण वापरून भरण्याच्या फेऱ्या) ३७, म्हणजे बॅटरी पुरती वापरलीच गेली नव्हती. आणि फुल चार्ज कपॅसिटी मूळच्या निम्मी. काका म्हणाले, "मी तर बॅटरीवर कधी चालवलाच नाय. कायम चार्जर लावून." तेच कारण होतं. लॅपटॉप पॅकिंग शेडमध्ये, पत्र्याखाली, वर्षभर शंभर टक्क्यांवर. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना त्याचं व्होल्टेज ४.२ च्या आसपास असतं. त्या अवस्थेत आणि उष्णतेत आतलं रसायन हळूहळू बिघडत जातं, वापरलं नाही तरी. भरलेली आणि गरम, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते. मे महिन्यात सड्यावर (उघड्या कातळावर) उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवणं हाही तसाच प्रकार.

उपाय म्हणजे चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालणं. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड, आसूसच्या मायआसूसमध्ये बॅटरी केअर, डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्येच (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) अशी सोय असते. बाकी कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये शोधा, बहुतेक नव्या मॉडेलमध्ये काहीतरी सापडतं.

यावर आपल्याकडचा माणूस लगेच विचारतो की लाईट गेली तर काय? हा प्रश्न खरा आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आपल्या जिल्ह्यात कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. तेव्हापासून लॅपटॉप कायम भरलेला ठेवायची सवय अनेकांना लागली आणि ती मला समजते. मी स्वतः असं करतो: ऑक्टोबर ते मे मर्यादा ८० वर. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवामान खात्याचा इशारा बघतो. ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की आदल्या रात्री मर्यादा काढून शंभर करतो, अलर्ट गेला की परत ८०. वर्षात असे दिवस थोडेच येतात. पावसाळ्यात हवा गार असते, त्यामुळे तेवढ्याने नुकसान फारसं होत नाही. आणि खरोखर लांब वेळ काम करायचं असेल तर ६५ वॉटची पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाईप-सीवरून जास्त वीज देण्याची) सोय असलेली पॉवरबँक घ्या, लॅपटॉप टाईप-सीवरून चार्ज होत असेल तर. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवरबँकेत सुमारे ७४ वॉट-तास असतात. मध्ये थोडी गळती धरली तरी अशी ४१ वॉट-तासांची बॅटरी एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं.

किनाऱ्यालगतच्या गावांतून येणारी एक वेगळी तक्रार म्हणजे बॅटरी भरतच नाही, किंवा ती भरता-भरता थांबते. तिथे आधी चार्जरची पिन बघा. खाऱ्या दमट हवेत तिच्यावर हिरवट-काळा थर चढतो. चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं असं होत असेल तर पोर्ट सैल झालाय, तो बदलायला फार खर्च नाही. चार्जर मूळ वॉटचाच वापरा. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ चा लावला तर चार्ज होतंय असं दिसतं, पण जड काम करताना बॅटरी उतरत राहते.

३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम बंद होत असेल तर दोन शक्यता. टक्के मोजणारं सर्किट चुकतंय, त्याला एकदा शंभरपर्यंत भरून, आपोआप बंद होईपर्यंत वापरून, परत सलग शंभरपर्यंत भरलं की आकडा जागेवर येतो. त्याने बॅटरीत जास्त मावत नाही, फक्त मोजमाप सुधारतं. तेवढं करूनही तेच होत असेल तर आतला एखादा सेल कमजोर झालाय आणि बॅटरी बदलायलाच हवी.

बदलायची वेळ आली तर नव्या बॅटरीवर उत्पादनाची तारीख बघून घ्या. दुकानात दोन वर्षं पडून असलेली बॅटरीही म्हातारीच असते. बसवल्यावर दुकानदाराच्या समोर पुन्हा अहवाल काढा. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणणार नाही.

आणि बॅटरी फुगली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही, झाकण नीट बसत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, ही लक्षणं. चार्जर लगेच काढा, लॅपटॉप बंद करा, परत चालू करून बघू नका. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. लॅपटॉप लाकडावर किंवा कापडावर न ठेवता फरशीवर, माणसांपासून लांब ठेवून दुरुस्तीवाल्याला बोलवा. काढलेली बॅटरी कचऱ्यात किंवा मागच्या परड्यात टाकू नका, पतेऱ्याबरोबर (वाळक्या पाल्याबरोबर) पेटवणं तर अजिबात नको. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ती घ्यायला सांगता येतं. माझ्या दुकानात वाळू भरलेला पत्र्याचा डबा त्यासाठीच ठेवलेला आहे. आणून दिलीत तर मी ठेवून घेतो, पैसे लागत नाहीत.